विनातारण

"वडनेरे सर बोलताय का?"
वडनाल. मल्लेशम वडनाल.
आज तिसऱ्यांदा सांगतोय, आणि तूही तिसरीच.
"सर, आपल्याला पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय."
मी मागितलं नव्हतं, बाळ.
"विनातारण आहे, सर."
ते तर आणखीच वाईट.

भद्रावती पेठेत दुपारचे अडीच.
पत्रा तापलाय, पंखा गरम हवा
इकडची तिकडं लोटतोय,
शेजारच्या कारखान्यात माग खटखट-खटखट,
आणि मी बनियनवर बसून
कुठल्या गावची कोण जाणे, एका पोरीचं ऐकतोय.
आतून राजमणी ओरडते, "ठेवा की वो तो फोन!"
जावई म्हणतो, ब्लॉक करा मामा.
नातवानं तेही करून दिलं.
एक नंबर मारला की दुसऱ्या आकड्यांतून तोच आवाज,
ढेकणांसारखा;
खाट उन्हात टाका, नाहीतर टाकू नका.

कर्जाचा मला राग नाही.
राग येतो तो त्यांच्या विकण्याचा.
एकतीस वर्षं चादर विकली मी.
विजापूर, गुलबर्गा, बिदर, हुबळी,
एस.टी.च्या टपावर गठ्ठे, खिशात ऑर्डरबुक,
पण असं दम न घेता कधी बोललो नाही.

एकदा एका पोराला थांबवलंच.
म्हटलं, पाणी पी आधी.
भाव एवढ्या लवकर सांगतात होय बे?
घरात माणसं किती विचार, थंडी किती पडते विचार,
मग चादर उलगडायची नाही,
घडीच ठेवायची गिऱ्हाइकाच्या मांडीवर.
वजन कळू द्यायचं.
आपण गप बसायचं.
मांडीवरची वस्तू उचलून परत देणं
माणसाला लई जड जातं.

पलीकडं शांत.
त्याच्या मागं पन्नास आवाज, पन्नास कर्जं,
आणि मधे हा एकटा गप.
मग हळूच म्हणाला,
"सर, फोनवर वजन कसं देऊ?"

मला उत्तर आलं नाही.
तीन दिवस तेच डोक्यात. घागरी भरतानासुद्धा.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन, स्वतःच्या नंबरावरून.
गोकुळ नाव. जळगावकडचा.
महिन्याचा आकडा भरला नाही म्हणून काम सुटलं होतं.
"काका, ती चादर मिळेल का? डबल. आईला."
रंग विचारला तर म्हणाला, तुम्हीच सांगा.
मोरपंखी पाठवली, लाल काठाची,
कमिशन लावलं नाही,
ट्रान्सपोर्टवाल्याला दोनदा बजावलं, भिजवू नको.
राजमणी म्हणाली, "कर्ज विकायला आलेल्याला
चादर विकलात. आता तरी रिटायर व्हा."

या उन्हाळ्यात मात्र पोरं-पोरी थांबल्या.
आता एक रेकॉर्डमधली बाई बोलते.
मराठी शुद्ध, श्वास नाही.
"ऑफर जाणून घेण्यासाठी एक दाबा."
म्हटलं, नको.
"ऑफर जाणून घेण्यासाठी एक दाबा."
म्हटलं, बाई, जरा थांबून बोल,
समोरच्याला तोंड उघडू दे.
"जाणून घेण्यासाठी एक दाबा."

एकतीस वर्षांत नाही म्हणणारी हजार माणसं बघितली.
कुणी चहा पाजून म्हणालं,
कुणी कुत्रं सोडून,
हुबळीत एकानं तर दुकानाचं शटरच ओढलं, मी आत असताना.
पण माझं नाही
कुणाच्या कानापर्यंत पोचूच नये,
हे पहिल्यांदाच.

गल्लीत बादल्या वाजल्या. पाणी आलं, चौथ्या दिवसाचं.
फोन तसाच बोलता ठेवला
पलंगावरच्या घडीवर, आणि उठलो.

हंडे, पिंप, कळशी, शेवटी तांब्यासुद्धा भरून
परत येऊन बघतो तर गप झालेला.
उचलला.
चादरीच्या मऊ लवेवर एवढासा चौकोन, दबलेला.

त्यावर हात फिरवला. गेला.